वेरूळकडून आजची वास्तुकला काय घेते

वेरूळची लेणी या वास्तू आहेत, पण त्या बांधलेल्या नाहीत. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर काळ्या बेसाल्टचा एक कडा आहे. साधारण सहाव्या-सातव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत पाथरवटांनी या कड्यातला दगड काढत काढत दालने, खांब, जिने आणि चौक मोकळे केले. क्रमांक दिलेली लेणी ३४ आहेत : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. ती दोनेक किलोमीटरच्या पट्ट्यात पसरली आहेत आणि बहुतेकांची तोंडे पश्चिमेला आहेत. १९८३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. इतिहासाचे आणि मूर्तिशास्त्राचे अभ्यासक इथे पूर्वीपासून येत आले आहेत. त्यांच्याबरोबर वास्तुकलेचे विद्यार्थीही वही-पेन्सिल घेऊन येतात, आणि त्यांचा प्रश्न वेगळा असतो : सिमेंट, पोलाद आणि काचेत काम करणाऱ्या माणसाला या दगडातून नेमके काय घेता येईल?

मराठीत ‘लेणे’ म्हणजे डोंगरात कोरलेले दालन आणि ‘लेणे’ म्हणजे अंगावरचा दागिनाही. दोन्ही शब्दांची मुळे वेगळी आहेत. पहिला ‘लयन’ म्हणजे निवास या शब्दावरून आला, दुसरा अंगावर लेण्यावरून. कानाला मात्र ते एकच वाटतात, आणि त्यातून नजरेचीही एक गल्लत होते. लेणे म्हटले की लक्ष दागिन्याकडे, म्हणजे मूर्ती, वेलबुट्टी आणि हत्तींच्या रांगांकडे जाते. आजच्या वास्तुरचनाकाराच्या कामाचे जे आहे ते बहुतेक या नक्षीच्या मागे, दगड काढून घेतल्यावर उरलेल्या पोकळीत आहे.

बांधकामात भर घालत जायचे असते. पाया, जोते, भिंत, तुळई, छत असा क्रम खालून वर चढतो, आणि एखादी वीट चुकली तर ती काढून दुसरी बसवता येते. कोरकामात सगळी वजाबाकी. एकदा उडालेली कपची परत चिकटत नाही. त्यामुळे पहिला घाव घालण्याआधी शेवटचा आकार ठरलेला असावा लागतो, निदान त्याची मापे तरी. दख्खनच्या पठाराचा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या प्रवाहांतून थरावर थर साचून तयार झाला आहे. त्यात आडवे थर असतात, उभ्या भेगा असतात, कुठे घट्ट तर कुठे भुसभुशीत पट्टे असतात. कुठला पट्टा छताला धरावा आणि कुठल्या भेगेपासून दूर राहावे, हे कोरणाऱ्याला दगडच सांगतो. जागेची पाहणी हा आजच्या प्रकल्प-अहवालातला एक रकाना असतो. वेरूळला पाहणी आणि रचना ही दोन वेगळी कामे नव्हतीच.

दहाव्या क्रमांकाचे लेणे हे ‘प्रेरणा’ या गोष्टीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चक्रावणारा धडा आहे. ‘विश्वकर्मा’ किंवा ‘सुतार की झोपडी’ या नावांनी ते ओळखले जाते. सुमारे २६ मीटर लांब, १३ मीटर रुंद आणि १० मीटर उंच असे हे चैत्यगृह आहे. आत गेल्यावर वर पाहिले की लाकडी छपराचे वाकवलेले वासे ओळीने दिसतात. ते लाकडाचे नाहीत. डोंगराचाच दगड वाशांच्या आकारात उठवला आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यात असे वासे खरोखर लाकडाचे आहेत आणि दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. तिथेही ते छत पेलत नाहीत, कारण छत डोंगराचे आहे. पण लाकडी सभागृहाची आठवण लाकडातच ठेवण्याचा आग्रह तिथे धरला गेला. वेरूळपर्यंत येता येता ती आठवण दगडात उतरली. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक नोंदवतात की आसपासचे सुतार इथल्या स्तूपापुढच्या बुद्धमूर्तीला आपला विश्वकर्मा मानून दर्शनाला येत. दगडात सुतारकाम पाहून सुतारांनी ते आपले मानावे, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

आधुनिक वास्तुविचाराच्या कडक शिस्तीत बसवले तर हे लेणे नापास होईल. विसाव्या शतकातील आधुनिकतावाद्यांचा आग्रह होता की आकार कामातून यावा आणि त्याने सामग्रीशी प्रामाणिक राहावे. इथे वासे काहीच पेलत नाहीत आणि दगड लाकडाचे सोंग घेतो. तरीही दालनात उभे राहिल्यावर हे सोंग खोटे वाटत नाही, कारण वाशांची ती ओळ नजरेला स्तूपाकडे ओढत नेते आणि अंधाऱ्या जागेला एक लय देते. आकाराचे बांधकामातले कारण संपले, पण जागेतले कारण उरले. दुसऱ्या काळातला किंवा दुसऱ्या सामग्रीतला आकार उचलताना रचनाकाराने स्वतःला विचारावा असा प्रश्न इथे तयार मिळतो : पहिले कारण गेल्यावर या आकाराला दुसरे कारण आहे का? नसेल तर तो आकार म्हणजे नुसते ओझे.

सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे ही याच प्रश्नाची फार मोठी आवृत्ती आहे. त्याची प्रेरणा कुठून आली ते बऱ्यापैकी सांगता येते. कांचीपुरमचे कैलासनाथ मंदिर पल्लव राजा राजसिंहाने आठव्या शतकाच्या सुरुवातीला उभारले. बदामीच्या चालुक्य घराण्यातील दुसरा विक्रमादित्य कांची जिंकून आत गेला, पण ते मंदिर त्याने लुटले नाही. तिथे त्याचा कन्नड शिलालेख आहे. पुढे त्याची राणी लोकमहादेवी हिने पट्टदकल येथे सुमारे इ.स. ७४० मध्ये आजचे विरूपाक्ष मंदिर बांधवले. त्यावर कांचीची छाप उघड दिसते. थोड्याच वर्षांत राष्ट्रकूटांच्या दंतिदुर्गाने चालुक्यांची सत्ता उलथवली आणि त्याच्यानंतर गादीवर आलेल्या पहिल्या कृष्णाच्या काळात वेरूळला कैलासाचे मुख्य काम झाले. ही रचना विरूपाक्षाच्या आराखड्याशी इतकी जवळची आहे की संबंध नाकारता येत नाही. अभ्यासक हेर्मान गोएट्झ यांनी हे काम अनेक राजांच्या कारकिर्दींत विभागले. म. के. ढवळीकरांनी मात्र मुख्य मंदिर कृष्णाच्याच काळात घातले. काळाबद्दल मतभेद असले तरी वंशावळ स्पष्ट आहे : जितांच्या राजधानीतली वास्तू जेत्यांनी घेतली, आणि त्या जेत्यांना हरवणाऱ्यांनी ती पुन्हा घेतली.

पट्टदकलचे मंदिर रचलेले आहे, वेरूळचे कोरलेले. या एका बदलाने बाकी सगळे उलटले. आधी कड्यात तीन बाजूंनी खोल चर खणून मधे दगडाचा एक प्रचंड ठोकळा सुटा केला गेला. मग शिखरापासून खाली उतरत मंदिर घडवले. आज आतला चौक सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद आहे, आणि मागचा कडा ३० मीटरांहून जास्त उंच उभा आहे. काढून टाकलेल्या दगडाचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण ते सगळे लाखो टनांत मोजले जातात. शिखर आधी आणि जोते शेवटी, हा क्रम लोकांच्या मनात इतका बसला की त्यावर कथा तयार झाली. कृष्ण याज्ञवल्कींच्या ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथात ती येते. राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर दिसेपर्यंत जेवणार नाही, असा नवस राणी माणिकावतीने केला. इतर कारागिरांना ते काम वर्षांचे वाटले. पैठणच्या कोकसाने मात्र वरून सुरुवात केली आणि आठवड्याभरात राणीला शिखर दाखवले. कथेला इतिहासाचा आधार नाही, पण बांधकामाची रीत ती अचूक सांगते. अभियांत्रिकीच्या वर्गात ‘कामाचा क्रम हाच रचनेचा भाग’ हे समजावून द्यायला याहून सोपे उदाहरण शोधावे लागेल.

इ.स. ८१२-१३ च्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात या मंदिराची स्तुती आहे. आकाशातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि ज्याने ते घडवले त्यालाही ‘हे मी केले तरी कसे’ असे वाटते, अशा आशयाचे वर्णन त्यात येते. राजस्तुतीतला भाग वजा केला तरी एक गोष्ट उरते : हे देऊळ घडून पन्नास वर्षे होण्याच्या आतच, ते कोणी बांधले यापेक्षा कसे घडवले याचे कुतूहल मोठे होते.

कैलासात शिरतानाचा अनुभव आराखड्यापेक्षा छेदात, म्हणजे वास्तुरचनाकार ज्याला सेक्शन म्हणतात त्यात, जास्त नीट कळतो. रस्त्यावरून आत काय आहे त्याचा पत्ता लागत नाही, कारण समोर दोन मजली प्रवेशद्वाराची भिंत आडवी उभी आहे. दारातून पुढे गेले की अचानक आकाश उघडते. दोन बाजूंना पूर्ण आकाराचे दगडी हत्ती आणि उंच ध्वजस्तंभ, मध्ये नंदीमंडप. मंदिर उंच जोत्यावर आहे आणि त्या जोत्यात हत्ती-सिंहांची रांग अशी कोरली आहे की वरचा सगळा भार तेच पेलत असल्याचा भास होतो. प्रवेशद्वार, नंदीमंडप आणि मुख्य मंडप वरच्या पातळीवर दगडी पुलांनी जोडलेले आहेत. म्हणजे चौकातून चालणारा माणूस आणि वरून जाणारा भक्त या दोन वाटा एकमेकींच्या डोक्यावरून जातात. मंडपात १६ खांब आहेत आणि तिथून गर्भगृहाकडे जाताना उजेड पायरीपायरीने कमी होतो. उघडे, सावलीचे, काळोखाचे, असा हा प्रवास मिनिटभरात घडतो. संग्रहालय, रुग्णालय किंवा साधी शाळा रचणाऱ्याला इथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यात एकही हत्ती लागत नाही.

इथे एक गैरसमज दुरुस्त करायला हवा. उघड्या, रंग न दिलेल्या पृष्ठभागांवर प्रेम करणारे आजचे रचनाकार वेरूळच्या काळ्या दगडाकडे पाहून हरखतात. कैलास त्याच्या काळात असा काळा नव्हता. त्यावर पांढरा गिलावा होता, काही भागांत चित्रे होती, आणि त्यांचे अवशेष छतांवर अजून दिसतात. जुन्या लोकांच्या तोंडी त्याला ‘रंगमहाल’ असे नावही होते. कैलास म्हणजे बर्फाचा डोंगर, तेव्हा तो पांढराच शोभला असणार. ज्या उघड्या दगडातून आज प्रेरणा घेतली जाते तो काळाने केलेला संपादकी हस्तक्षेप आहे. प्रेरणा म्हणून तो खोटा ठरत नाही, पण तिचा मूळ मालक राष्ट्रकूट नाही, पाऊस आणि ऊन आहे.

वेरूळचे रूप डोंगराबाहेर पडले ते आधी कागदावर. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्याच्या पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी पुण्याचा चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट याने लेण्यांची रेखाटने केली. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने १८०३ मध्ये लंडनमध्ये वेरूळची चित्रे छापली. पुढे १८८० मध्ये जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा लेण्यांवरील मोठा ग्रंथ आला आणि आराखडे, मापे, छेद यांच्यासह वेरूळ जगाच्या वास्तु-ग्रंथालयात दाखल झाले. गंगारामचे नाव मात्र अगदी अलीकडेपर्यंत अभ्यासकांपुरतेच राहिले. डॅनियलच्या छापचित्रांतले वेरूळ धुक्यातले, रम्य आणि थोडे भयाण आहे. मोजून काढलेल्या रेषा माणसाला दुसऱ्या दिशेने नेतात. वेरूळची नक्कल करणारे बहुधा पहिल्या चित्रांचे वारस असतात आणि त्यातून शिकणारे दुसऱ्यांचे.

शिकणाऱ्यांत सगळ्यात ठळक नाव बाळकृष्ण दोशी यांचे. त्यांचा जन्म १९२७ मध्ये पुण्यात, फर्निचरचा व्यवसाय असलेल्या घरात झाला. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण, १९५१ पासून तीनेक वर्षे पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात काम, आणि मग आयुष्यभराचा मुक्काम अहमदाबादेत. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. चित्रकार म. फि. हुसेन यांनी या मित्राकडे आपल्या चित्रांसाठी कायमची जागा मागितली. अहमदाबादच्या उन्हाळ्यामुळे ती जमिनीखाली असावी असे ठरले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला ‘हुसेन-दोशी नी गुफा’ तयार झाली. आज ती ‘अमदावाद नी गुफा’ म्हणून ओळखली जाते.

गुफेच्या आतले वर्तुळ आणि लंबवर्तुळांचे दालन अजिंठा-वेरूळच्या लेण्यांवरून सुचल्याचे सांगितले जाते. पण तिथे एकही वेरूळचा खांब नाही, एकही कमान ओळखीची नाही. खांब वाकडेतिकडे, झाडाच्या बुंध्यासारखे आहेत आणि कोणताही दुसऱ्यासारखा नाही. छत म्हणजे फेरोसिमेंटचे, जाळीवर सिमेंट थापून केलेले, एका इंचाच्या आसपास जाडीचे कवच आहे. वरून ते कासवांच्या पाठींसारखे दिसते, आणि त्यावर गिरनारच्या जैन देवळांच्या छतांची आठवण देणारे चिनी मातीच्या तुकड्यांचे जडावकाम आहे. त्यावरून हुसेननी एक काळा नाग सोडला आहे. उजेड छतातल्या नळकांड्यांसारख्या उंचवट्यांतून आत येतो आणि दिवसभर जमिनीवर कवडशांच्या रूपात सरकतो. या अनियमित आकारांचे गणित संगणकाने केले. काम केले ते साधी हत्यारे हाती घेतलेल्या आदिवासी मजुरांनी.

वेरूळशी तुलना इथे खरी बोलकी होते. लेण्यात डोंगर जाड आणि पोकळी कोरलेली, गुफेत कवच पातळ आणि पोकळी घडवलेली. एकात वजाबाकी, दुसऱ्यात बेरीज. तरी पायाखालची थंडी, डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला लागणारा वेळ आणि उजेडाची चणचण हे सगळे तेच आहे. दोशींनी वेरूळचा आकार घेतला नाही. त्यांनी तिथे शरीराला जे होते ते घेतले, आणि त्यासाठी विसाव्या शतकातला स्वस्त आणि हलका मार्ग शोधला. जाता जाता एवढे मान्य करावे लागेल की चित्रदालन म्हणून गुफा फारशी सोयीची नाही. वाकड्या भिंतींवर चौकट टांगता येत नाही, म्हणून हुसेननी थेट भिंतींवर रंगवले आणि धातूच्या आकृत्या मोकळ्या उभ्या केल्या. अजिंठ्याच्या चित्रकारांसमोरही दुसरा पर्याय नव्हता.

वेरूळ गावातच, घृष्णेश्वराच्या देवळापासून जवळ, शिवालय तीर्थ नावाचे पायऱ्यांचे चौकोनी कुंड आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेल्या या कुंडाच्या चारही बाजूंनी पायऱ्या पाण्याकडे उतरतात आणि त्यांच्यात आठ लहान देवळ्या बसवल्या आहेत. लेण्यांना येणाऱ्या गाड्या बहुतेकदा इथे थांबत नाहीत, ही त्यांची चूक. वर उभ्या माणसाला इथे सगळे एकदम दिसते, आणि खाली उतरत गेले की गाव नाहीसे होऊन आकाशाचा एक चौकोन तेवढा उरतो. जमीन खाली उतरवून चौक करायचा, हा भारतीय रचनेतला जुना विचार वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी वारंवार वापरला. भोपाळचे भारत भवन, १९८२ मध्ये सुरू झालेले, तलावाकडे उतरणाऱ्या गच्च्या आणि खोल चौकांचे आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’, म्हणजे जयंत नारळीकर जिचे संस्थापक-संचालक होते ती खगोलशास्त्राची संस्था, कोरियांनीच रचली. तिच्या मधोमध पायऱ्यांचे कुंड आहे. त्यात पाणी नाही. तिथे न्यूटन, गॅलिलिओ, आर्यभट आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत.

आयुकाच्या भिंती पुण्याच्या काळ्या बेसाल्टच्या आहेत. त्यावर आणखी काळा कडप्पा, आणि त्याच्याही वर चकाकणारा काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते. अवकाशाच्या काळोखासाठी योजलेल्या या तीन काळ्या छटा महाराष्ट्रातल्या माणसाला परक्या वाटत नाहीत. त्याच्या घराचे जोते, गावचा घाट, किल्ल्याचा बुरूज आणि डोंगरातले लेणे याच दगडाचे. कोरियांनी हे वेरूळवरून घेतले असा दावा करायचे कारण नाही. समान सामग्री, समान ऊन आणि समान पाऊस यांच्यात काम करणारे रचनाकार कधी कधी एकाच उत्तरावर येतात.

वजाबाकीचा विचार जगातही चालतो. इथिओपियातल्या लालिबेलाची दगडात वरून खाली कोरलेली ११ चर्चे कैलासाच्या मानाने उशिराची आणि स्वतंत्र परंपरेची आहेत. हेलसिंकीत १९६९ साली सुओमालायनेन बंधूंनी खडकात खणून, वर तांब्याच्या घुमटाचे चर्च केले. जपानच्या नाओशिमा बेटावरचे तादाओ अंदो यांचे चिचू संग्रहालय, २००४, जवळजवळ पूर्ण जमिनीखाली आहे आणि चित्रांना दिवसाचाच उजेड मिळतो. सगळ्यात शिकण्यासारखे आहे ते पेटर झुमथोर यांचे स्वित्झर्लंडमधील फाल्स येथील स्नानगृह, १९९६. गावातल्याच क्वार्टझाइटच्या सुमारे ६०,००० पट्ट्या थरावर थर रचून ते उभारले, म्हणजे ते बांधलेले आहे. पण आतून ते डोंगरात खाण खणल्यासारखे वाटावे अशीच त्याची कल्पना होती. विश्वकर्म्यात दगड लाकडासारखा वागतो, फाल्समध्ये रचलेला दगड कोरलेल्यासारखा.

महाराष्ट्रातली दोन अलीकडची कामे इथे उल्लेखावीशी वाटतात. दोन्ही समीप पदोरा यांच्या कार्यालयाची. पुणे जिल्ह्यातल्या वडेश्वरला २०१० मध्ये त्यांनी एक शंकराचे देऊळ केले. पुजारी आणि गावकऱ्यांशी बोलत आराखडा ठरला आणि गावकऱ्यांनी श्रमदानाने बांधले. दगड जवळच्याच खाणीतला. शिखर पायऱ्यापायऱ्यांनी वर जाते, त्याचा ओळखीचा आकार आहे पण त्यावर नक्षीचा पसारा नाही. मंडप बांधलाच नाही. देवळापुढची झाडेच मंडप झाली. दुसरे काम अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगावच्या शाळेतले माया सोमय्या ग्रंथालय, २०१८. पातळ विटांच्या थरांनी केलेले हे लाटेसारखे छत आहे आणि मुले त्यावर चढून पलीकडे उतरतात. त्याची प्रेरणा वेरूळ नाही, स्पेनमधील कॅटलोनियातली घुमटाची रीत आणि उरुग्वेचा अभियंता एलादियो दिएस्ते आहे. प्रेरणा गावातलीच असली पाहिजे हा हट्ट कैलासाच्या कारागिरांनीही धरला नव्हता. तेही कांची-पट्टदकलचेच घेऊन आले होते.

उलट टोकाला जे होते ते कोणत्याही मोठ्या शहराच्या बाहेरच्या रस्त्यावर दिसते. लग्नाच्या हॉलला फायबरच्या साच्यातले खांब, हॉटेलच्या दर्शनी भागाला साच्यातून काढलेला कैलासाचा हत्ती, सोसायटीच्या फाटकावर सिमेंटचे शिखर. बेसाल्टच्या वीस मिलिमीटरच्या फरश्या काँक्रीटच्या भिंतीला चिकटवून ‘दगडी’ घर तयार होते, आणि कोपऱ्यात फरशीची कड उघडी पडली की गुपित फुटते. या कामांत दगड लाकूड झाला म्हणून हरकत नाही, ते वेरूळनेही केले. हरकत अशी की आकाराचे जागेत काहीच काम नाही. खांब काढले तर हॉल जसाच्या तसा राहतो. विश्वकर्म्याचे वासे काढले तर ते दालन राहत नाही.

वेरूळ पाहायला जाणाऱ्या रचनाकाराने दुपारनंतरची वेळ धरावी, कारण लेण्यांची तोंडे पश्चिमेला असल्याने तेव्हाच उजेड तिरपा आत शिरतो आणि कोरणाऱ्यांनी तो किती खोलवर येऊ दिला आहे ते समजते. अकरावे ‘दो ताल’ आणि बारावे ‘तीन ताल’ ही लेणी सहसा कैलासाच्या घाईत मागे पडतात. तीन तालाचा दर्शनी भाग चौकोनी खांबांच्या तीन सरळ ओळींचा आहे, जवळजवळ नक्षीविना. छायाचित्र दाखवून सांगितले नाही तर विसाव्या शतकातले वसतिगृह वाटावे इतका तो साधा आहे, आणि आत प्रत्येक मजल्याची उंची आणि उजेड वेगळा. दो तालाचे नाव चुकीचे आहे. त्याचा तळमजला मातीत बुजलेला होता आणि तो १८७६ मध्ये मोकळा झाला, तेव्हा कळले की मजले तीनच आहेत. पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याशेजारी धबधबा कोसळतो. डोंगर पोखरून केलेल्या वास्तूला पाण्याचा विचार टाळता येत नाही, हे तिथे पाच मिनिटे उभे राहिले तरी दिसते.

तयार लेण्यांइतकीच अर्धवट लेणी महत्त्वाची. तिसाव्या क्रमांकाच्या छोट्या कैलासाचे काम पुरे झाले नाही. वेरूळच्या अशा अपुऱ्या भागांत टाकीच्या समांतर रेघा, ओबडधोबड ठोकळे आणि त्यांच्याशेजारी गुळगुळीत झालेला एखादा कोपरा एकाच नजरेत येतात. कुठला दगड आधी काढला, कुठला राखून ठेवला आणि पुढचा खांब कुठे उभा राहणार होता, हे तिथल्या भिंतीवरून अजून वाचता येते.